वाचकांचे प्रश्न : न्यूझीलंडमध्ये गाडी स्वतः चालवायची आहे

मागच्या अंकात न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाबद्दल लिहिलं आणि शेवटी म्हटलं होतं की गाडी भाड्याने घेऊन फिरणार असाल तर काय शंका असतील त्या पाठवा. पत्रं आणि मेसेज इतके आले की सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढेच घेतलेत. मी ख्राइस्टचर्चला राहते, त्यामुळे उदाहरणं बरीचशी इकडचीच आहेत.

प्रश्न : ताई, मी नाशिकचा, वय ५९, सगळं आयुष्य गाडी चालवण्यात गेलं, कसारा घाट रात्रीबेरात्री उतरतो. तिकडे पण डाव्या बाजूनेच चालवतात, स्टिअरिंग पण उजवीकडे, मग मुलगा एवढी काळजी का करतोय तेच कळत नाही. आपलं लायसन्स चालतं की इंटरनॅशनल काढायलाच लागतं?

काका, आधी लायसन्सचं सांगते कारण ते सोपं आहे. आपलं भारतातलं लायसन्स इथे चालतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरच्या लायसन्सवर १८ महिने गाडी चालवता येते, आधी १२ महिने होते, म्हणजे फिरायला येणाऱ्याला काहीच अडचण नाही. अट एवढीच की लायसन्स इंग्रजीत पाहिजे नाहीतर मान्यताप्राप्त भाषांतर पाहिजे, आणि आपल्या आरटीओचं स्मार्ट कार्ड इंग्रजीतच असतं. मात्र ओरिजिनल कार्ड खिशात हवं, डिजिलॉकर दाखवून भागेल असं समजू नका. इंटरनॅशनल परमिट कायद्याने लागत नाही पण काही रेंटल कंपन्या मागतात, त्यामुळे बुकिंग करताना त्यांच्या अटी वाचून घ्या. काढायचंच झालं तर ते भारतातूनच निघतं, आरटीओतून, सारथी पोर्टलवर अर्ज करून, आणि एक वर्ष चालतं. नुसतं तेवढं दाखवून उपयोग नाही, सोबत मूळ लायसन्स लागतंच.

आता मुलाच्या काळजीबद्दल. बाजू तीच आहे हे खरं, आणि अमेरिकेत किंवा युरोपात जो पहिला दिवस घाबरत जातो तो इथे जात नाही हेही खरं. पण मला विचाराल तर त्यामुळेच आपली माणसं गाफील राहतात. आपल्याकडे आपण समोरचा चुकणार हे धरून गाडी चालवतो. कोणी उलटा येईल, कोणी सिग्नल तोडेल, मध्येच म्हैस येईल, म्हणून सगळे सतत थोडी थोडी जागा सोडत असतात, आणि एक चुकला की बाकीचे सांभाळून घेतात. इथे उलट आहे. इथे समोरचा माणूस तुम्ही नियम पाळणारच हे धरून येत असतो, आणि तो ताशी १०० ने येत असतो. तुम्ही चौकात गाडीचं नाक पुढे काढलंत तर तो स्लो होईल ही अपेक्षाच ठेवू नका, त्याच्या डोक्यात ती शक्यताच नसते.

आणि ते १०० पण कुठल्या रस्त्यावर, तर समृद्धीसारखा रस्ता डोळ्यासमोर आणू नका. इथला स्टेट हायवे म्हणजे बहुतेक ठिकाणी जाणारी एक लेन, येणारी एक लेन, मध्ये फक्त रंगवलेली रेघ. डिव्हायडर नाही. तुम्ही १००, समोरचा १००, आणि दोघांमध्ये ती रेघ. वळण आलं की पिवळ्या पाटीवर सल्ला म्हणून स्पीड लिहिलेला असतो, ३५, ५५, ६५ असा, तो खराच पाळा, तो आकडा विचार करून लिहिलेला असतो. तुमच्या बाजूला सलग पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक नाही म्हणजे नाही, समोर कितीही लांबपर्यंत मोकळं दिसलं तरी. गावात आलात की ५०, आणि पाटी दिसली की तिथूनच ५०, गाव सुरू झालं की हळूहळू कमी करू असं नाही.

आणखी काही सवयी आहेत त्या मुंबई विमानतळावरच सोडून या. लाल सिग्नलला डावीकडे वळायचं नाही, फ्री लेफ्ट हा प्रकार इथे नाही. स्टॉप लिहिलं असेल तिथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता रिकामा असला तरी. झेब्रावर माणूस पाय टाकणार असं दिसलं तरी थांबायचं. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आपल्याकडे नियम तोच आहे पण पाळतो कोण, ज्याची गाडी आधी घुसली तो पुढे. आणि एक, तुम्ही उजवीकडे वळताय आणि समोरचा त्याच रस्त्यात डावीकडे वळतोय तर तो आधी जाणार. इथे बरीच वर्षं हे उलट होतं, २५ मार्च २०१२ ला नियम बदलला, त्यामुळे जुनी माहिती कोणी सांगितली तर ऐकू नका. हॉर्न मात्र विसरूनच जा. इथे हॉर्न दिला की लोकांना वाटतं हा आपल्यावर चिडलाय.

प्रश्न : आम्ही पुण्याचे, दोघंच जाणार, आठ दिवस आहेत. सकाळी ख्राइस्टचर्चला उतरायचं, गाडी घेऊन त्याच दिवशी क्वीन्सटाउन, दुसऱ्या दिवशी मिलफर्ड साउंड करून परत, मग फ्रान्झ जोसेफ ग्लेशियर, तिथून आर्थर्स पासने ख्राइस्टचर्च, मग टेकापो, माउंट कुक आणि परत. गूगल मॅप्सवर सगळं बसतंय. तुमचं मत?

मॅपवर बसतंय, माणसाला बसणार नाही. रागावू नका, पण असे प्लॅन मी इतक्या लोकांकडून ऐकते की एकदा स्पष्टच लिहिते.

पहिला दिवस बघा. मुंबईहून इथे थेट फ्लाइट नाही, सिंगापूर नाहीतर ऑस्ट्रेलिया वगैरे कुठेतरी बदलून येता, अख्खा दिवस प्रवासात जातो, वर घड्याळ इथल्या उन्हाळ्यात साडेसात तास पुढे. म्हणजे इथे सकाळचे दहा वाजले असतील तेव्हा तुमच्या शरीरात रात्रीचे अडीच असतात. तशात अनोळखी गाडी घेऊन ४८० किलोमीटर? ख्राइस्टचर्च सोडलं की कँटरबरीचं मैदान लागतं, सरळ सपाट रस्ता, दोन्ही बाजूला शेतं, डुलकी लागायला याच्यासारखी दुसरी जागा नाही. उतरलात त्या दिवशी गाडी घेऊच नका, शहरात राहा, झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, भाडं पण वाचेल.

दुसरं मिलफर्ड. क्वीन्सटाउनहून एका बाजूचे २८८ किलोमीटर आहेत, जाऊन येऊन आठ तास नुसतं चालवणं, त्यात तिथल्या खाडीतली क्रूझ, त्यात फोटोला थांबणं. बरं, शेवटचे ते आनाऊ ते मिलफर्ड १२० किलोमीटर हा अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात सुंदर तुकडा, आणि तो तुम्ही घड्याळाकडे बघत काढणार. ते आनाऊला मुक्काम करा. टाकी तिथेच फुल करा, कारण पुढे पेट्रोलचा भरवसा धरू नका. मोबाइलला बऱ्याच भागात रेंज नसते, मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. वाटेत होमर टनेल आहे, सव्वा किलोमीटर लांब, १९५४ ला सुरू झालेला, आत डोंगराचा कातळ तसाच उघडा, पाणी टपकतंय, आणि मिलफर्डच्या बाजूला चांगलाच उतार. आतमध्ये अरुंद असल्याने गर्दीच्या सीझनमध्ये दिवसा सिग्नल लावून एकेका बाजूच्या गाड्या सोडतात. तिथे थांबलात की केआ येतील, हिरवे मोठे पहाडी पोपट, फार हुशार, टपावर उतरतात आणि काचेच्या कडेचं रबर किंवा वायपर चोचीने ओढून काढायला लागतात. खायला काही देऊ नका, ही जात धोक्यात आहे आणि माणसाचं खाणं त्यांना बाधतं. काच खाली करून फोटो काढा आणि निघा.

आता तुमच्या आठ दिवसांचं. मी तर फ्रान्झ जोसेफ काढून टाकेन. क्वीन्सटाउनहून तिथे ३५० किलोमीटर, तिथून ख्राइस्टचर्च परत जवळजवळ तेवढेच किंवा जास्त, आणि तो पश्चिम किनारा म्हणजे पावसाचं माहेर. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या आंबोलीच्या तोडीचा, आणि तिकडची बाकीची बाजू पण ओलीच. मार्च २०१९ मध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला आणि दोन आठवड्यांहून जास्त रस्ता बंद होता, पर्यायी रस्ता म्हणजे अर्ध्या बेटाला वळसा. तुमच्याकडे मोकळा दिवस शिल्लक नसेल तर अशा ठिकाणी अडकलात की फ्लाइट गेली. त्यापेक्षा ख्राइस्टचर्चला एक रात्र, मग टेकापो २२५ किलोमीटर, तिथून पुकाकी तलावाच्या काठाकाठाने माउंट कुक गावाला एक रात्र (समोर ३,७२४ मीटरचा आओराकी, म्हणजेच माउंट कुक, ढग नसले तर संध्याकाळी बघण्यासारखा), मग लिंडिस पासवरून क्वीन्सटाउन दोन रात्री, ते आनाऊ दोन रात्री आणि त्यातला मधला दिवस मिलफर्डला. गाडी क्वीन्सटाउनलाच सोडा आणि तिथूनच विमान पकडा. दुसऱ्या शहरात गाडी सोडायचे काही कंपन्या जास्त पैसे लावतात पण सहा तासांचं परतीचं ड्रायव्हिंग वाचतं.

निघायच्या दिवशी सकाळी एनझेडटीएचा (इथलं रस्ते-वाहतूक खातं) जर्नी प्लॅनर ऑनलाइन बघायची सवय लावा, रस्ता बंद आहे, काम चालू आहे, सगळं त्यावर कळतं.

प्रश्न : गाडी हे चालवणार आणि मी शेजारी बसून रस्ता बघणार. वन लेन ब्रिजबद्दल वाचलं आणि धास्तीच घेतली. नक्की कोणी आधी जायचं? — एक वाचक, कोल्हापूर

ताई, तुम्ही शेजारी बसून रस्ता बघणार हे फार छान, कारण या पुलांना चार डोळे बरेच. दक्षिण बेटात, विशेषतः पश्चिम किनाऱ्याला, हायवेवरचे कितीतरी पूल एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत. हास्ट नदीवरचा तर सातशे मीटरहून लांब आहे, मध्ये समोरच्याला जागा द्यायला रुंद केलेले खिसे ठेवलेत. तारामकाऊ नदीवर तर २०१८ पर्यंत गाड्या आणि रेल्वे एकाच पुलावरून जायच्या, रुळावरूनच गाडी घालायची, आता शेजारी नवा पूल झालाय.

पाटी कशी वाचायची ते बघा. पुलाच्या आधी दोन बाण असलेली पाटी असते, एक तुमच्या दिशेने जाणारा, एक समोरून येणारा. पाटी निळी चौकोनी असेल आणि तुमच्या बाजूचा बाण मोठा पांढरा, समोरचा छोटा लाल, तर तुम्ही आधी. पाटी गोल, लाल कडेची असेल, तुमच्या बाजूचा बाण छोटा लाल आणि समोरचा मोठा काळा, तर तुम्ही थांबायचं. एवढं गोंधळात लक्षात राहात नसेल तर लाल बाण कोणाच्या वाट्याला आलाय तेवढं बघा, ज्याचा लाल त्याने थांबायचं. थांबायच्या बाजूला रस्त्यावर पांढरी रेघ आणि गिव्ह वे पण रंगवलेलं असतं, त्या रेघेच्या अलीकडे थांबा, म्हणजे समोरच्याला बाहेर पडायला जागा राहते.

आणि समोरचा माणूस तुम्ही नियम पाळणारच हे धरून येतो असं मघाशी म्हटलं, ते इथेच लागू होतं. ज्याला निळी पाटी आहे तो न थांबता येतो. आपल्याकडे अरुंद पुलावर दोघं लाइट मारून ठरवतात ना कोण आधी, तसं इथे काही ठरवायचं नसतं, पाटीने ठरवलेलं असतं. समोरची गाडी पुलापासून लांब दिसतेय, तेवढ्यात आपण निघून जाऊ, हा हिशोब यांना करू देऊ नका. १०० च्या स्पीडने येणारी गाडी लांब दिसते आणि क्षणात पुलावर असते. तुमच्याकडे निळी पाटी असली तरी पुलावर आधीच कोणी चढलं असेल तर थांबा, त्याला मागे जायला लावू नका. पलीकडे गेल्यावर थांबलेल्याला हात करायचा असतो, इथे सगळे करतात.

आणखी एक काम तुमच्याकडे घ्या, आरशात मागे बघायचं. मागे गाड्या साचल्या की यांना सांगा, आणि पहिली मोकळी जागा दिसली की गाडी डावीकडे घेऊन सगळ्यांना जाऊ द्या. हा इथला नियमच आहे. आपण डोंगर बघत ७० ने जात असतो आणि मागे दहा माणसं असतात ज्यांना कामावर, दवाखान्यात, शाळेत पोचायचंय, त्यांच्यासाठी तो रोजचा रस्ता आहे. २०१५ च्या सुमाराला तर काही ठिकाणी वैतागलेल्या लोकांनी टूरिस्टच्या गाडीची चावीच काढून घेतली, पोलिसांनी त्यांना समज दिली, पण राग कशाचा होता ते समजून घ्या. काही लोक स्टार ५५५ वर फोन करून पोलिसांना गाडीचा नंबर कळवतात.

प्रश्न : कॅम्परव्हॅन घ्यावी की कार आणि मोटेल? आई-बाबा बरोबर आहेत, दोघांना घरचं जेवण लागतं, त्यामुळे व्हॅनमध्येच स्वयंपाक करू म्हणतोय. मसाले, लोणचं, चिवडा इकडूनच नेणार. — एक वाचक, डोंबिवली

दादा, आई-बाबा असतील तर माझं मत कार. व्हॅनमध्ये बेड रोज संध्याकाळी लावा, सकाळी काढा, रात्री उठायचं तर बाकीच्यांना ओलांडून जा, संडासाची टाकी रिकामी करा, हे पासष्टीच्या माणसांना जड जातं. वाऱ्यात उंच व्हॅन हलते पण बरीच. त्यापेक्षा कार घ्या आणि हॉलिडे पार्कमधल्या केबिन बुक करा. प्रत्येक मोठ्या गावात हॉलिडे पार्क असतो, तिथे सगळ्यांसाठी मोठं किचन असतं, शेगड्या, फ्रीज, भांडी घासायला गरम पाणी, खिचडी-कढी आरामात होते आणि फोडणीचा वास गाडीच्या गाद्यांमध्ये बसत नाही. व्हॅनच घ्यायची झाली तर सेल्फ कन्टेन्ड सर्टिफिकेट असलेलीच (म्हणजे संडास, पाणी, सांडपाण्याची टाकी सगळं गाडीतच) घ्या, आणि कुठेही लावून झोपता येतं हा समज काढून टाका, प्रत्येक कौन्सिलचे नियम वेगळे आहेत आणि दंड होतो.

खाण्याचं नीट वाचा. विमानातून उतरताना जे खायचं आहे ते सगळं डिक्लेअर करायचं, ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन भरता येतं, फुकट आहे. चिवडा, चकली, भाजणी, लोणचं, मसाले, चहा पावडर, काहीही असो, हो म्हणून टिक करा. डिक्लेअर केलेली वस्तू चालत नसेल तर फार तर काढून घेतात. डिक्लेअर केली नाही आणि सापडली तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड तिथल्या तिथे, अगदी बॅगेत विसरलेलं सफरचंद असलं तरी. मध आणू नका, ताजी फळं-भाज्या, पेरता येतील अशा बिया नकोत, आणि तूप-मिठाईच्या वाट्याला जाऊच नका, दुधाच्या पदार्थांबाबत हे लोक कडक आहेत कारण जनावरांचे रोग आत येऊ द्यायचे नाहीत. ट्रेकचे बूट असतील तर तळाची माती घासून धुवून आणा, ते पण बघतात. पॅकबंद, कंपनीचं लेबल असलेलं आणा, घरी बांधलेल्या पुड्यांवर निदान इंग्रजीत नाव लिहा. ऑकलंड, वेलिंग्टन, ख्राइस्टचर्चला इंडियन ग्रोसरी भरपूर आहेत, डाळ-तांदूळ-मसाला सगळं मिळतं, ओझं कशाला आणता.

प्रश्न : आम्ही जाऊन आलो. गाडी परत केल्यावर काचेवर छोटा टवका होता म्हणून कंपनीने आमच्या कार्डावरून पैसे कापले, इन्शुरन्स घेतलेला असूनही. हे बरोबर आहे का? आणि खरंच अपघात झाला असता तर काय झालं असतं? — एक वाचक, ठाणे

तुम्ही करार पाठवलात तो मी वाचला. त्यात काच आणि टायर वगळलेत, तेव्हा कागदोपत्री ते बरोबर ठरतात, पण गाडी देताना तोंडी सगळं कव्हर आहे असं सांगितलं असेल तर ते चुकीचं, आणि तसं त्यांना लेखी कळवा. बेसिक इन्शुरन्समध्ये एक्सेस असतो, म्हणजे नुकसान झालं तर त्यातले पहिले अमुक हजार डॉलर तुमचे. जास्त पैसे भरून एक्सेस कमी होतो, पण काच, टायर, टप, गाडीची खालची बाजू आणि चुकीचं इंधन हे बऱ्याच करारात वेगळं काढलेलं असतं. आणि काही रस्ते नावाने वगळलेले असतात, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेतला नाइन्टी माइल बीच तर हमखास, तिथे गाडी घातली की इन्शुरन्स संपला. खडीचे रस्ते इथे पुष्कळ आहेत, समोरून ट्रक आला की खडे उडतात, वेग कमी करा आणि अंतर ठेवा. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, काच जवळून, टायर, टप सगळ्याचा व्हिडिओ काढा, परत देताना पुन्हा काढा. एवढ्याने पुढची अर्धी भांडणं मिटतात.

अपघाताचं विचारलंत. इथे गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा नाही, हे ऐकून आपल्या लोकांना धक्का बसतो. पण माणसाला इजा झाली तर एसीसी नावाची सरकारी योजना आहे, १९७४ पासून, चूक कोणाची हे न बघता उपचाराचा खर्च त्यातून होतो, आणि फिरायला आलेल्या माणसालाही इथल्या उपचारांसाठी लागू आहे. मात्र ते फक्त अपघाती इजेला. हार्ट अटॅक आला, ताप आला, शुगर वाढली तर एसीसी नाही, आणि परदेशी माणसाला इथल्या हॉस्पिटलचं बिल झेपत नाही. घरी परत न्यायचा खर्चही त्यात येत नाही. म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच, आई-वडिलांचा तर आधीचे आजार स्पष्ट लिहून घ्या. इमर्जन्सीला नंबर १११, पोलीस, ॲम्ब्युलन्स, फायर सगळ्याला एकच.

प्रश्न : साडेपाच वर्षांचा नातू बरोबर आहे, मांडीवर घेऊन बसलं तर चालेल ना? — आजी, सातारा

नाही चालणार आजी. सात वर्षं पूर्ण होईपर्यंत त्याच्या मापाची चाइल्ड सीट किंवा बूस्टर कायद्याने लागते, गाडी बुक करतानाच मागून ठेवा, भाड्याने देतात. तो पहिले दोन दिवस रडेल, मग त्याला खिडकीतून मेंढ्या दिसायला लागल्या की बसेल. आणि मुलांचाच विषय आहे म्हणून तुमच्या चिरंजीवांना हे दाखवा : स्कूल बस थांबून मुलं चढत-उतरत असतील तर तिच्या बाजूने जाताना वेग २० च्या आत, तुम्ही मागून येत असा नाहीतर समोरून. १०० च्या रस्त्यावरून एकदम २०, हे मला इथलं फार आवडतं, आपल्याकडे हे कधी येईल असं वाटत राहतं.

प्रश्न : नागपूरहून लिहितोय. मुलांच्या सुट्ट्या आणि ऑफिस असं सगळं बघता जुलैच जमतोय. बर्फात कधी गाडी चालवली नाही, क्वीन्सटाउनला जाऊ का?

जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा. जायला हरकत नाही, पण बर्फ दिसतो तेव्हा माणूस सावध असतो, खरी भीती न दिसणाऱ्या बर्फाची. रात्री दव पडतं, गोठतं आणि डांबरावर काचेसारखा पातळ थर बसतो, रस्ता फक्त ओला वाटतो. डोंगराच्या सावलीतली वळणं आणि पूल इथे तो हमखास, ऊन पोचत नाही तिथे दुपारपर्यंतही राहतो. म्हणून सकाळी दहाच्या आधी निघू नका, आणि क्वीन्सटाउनला तेव्हा पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्याआधी पोचा. म्हणजे हातात सहा-सात तासच आहेत, त्या हिशोबाने रोजचं अंतर ठेवा, दोनशे-अडीचशेच्या वर नको. गुळगुळीत वाटलं की ब्रेकवर उभं राहू नका, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग झटक्यात फिरवू नका, समोरच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर.

चाकाच्या साखळ्या भाड्याने घ्या, मिलफर्डच्या रस्त्याला मे ते नोव्हेंबर त्या जवळ ठेवाव्या लागतात, क्राउन रेंज आणि लिंडिसच्या घाटांतही लागू शकतात. त्या बसवायच्या कशा हे गाडी घेतानाच त्यांच्यासमोर एकदा बसवून शिका, पार्किंगमध्ये, कोरड्या हातांनी. बर्फात, अंधारात, बोटं बधिर झालेली असताना पहिल्यांदा पिशवी उघडायची वेळ आणू नका. मिलफर्डला हिवाळ्यात मी तर बसनेच जा म्हणेन, तिथे हिमस्खलनाचा धोका असला की रस्ता बंद करतात आणि बस चालवणाऱ्याला तो रस्ता रोजचा असतो. सकाळी काचेवर बर्फ जमला असेल तर उकळतं पाणी टाकू नका, काच तडकते, हीटर लावा आणि स्क्रेपरने खरवडा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, मडगावची, एकटीच येणार. मला गाडी चालवता येत नाही. सगळे म्हणतात न्यूझीलंड गाडीशिवाय होतच नाही. खरं का?

बाई, अजिबात खरं नाही. वेळ जास्त लागतो आणि आडवाटेच्या जागा सुटतात एवढंच. मोठ्या गावांमध्ये इंटरसिटीच्या बस आहेत, ख्राइस्टचर्चहून टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन सगळं बसने होतं, ड्रायव्हर वाटेत माहितीही सांगतो आणि जेवायला थांबतो. क्वीन्सटाउन आणि ते आनाऊहून मिलफर्डच्या बस आणि क्रूझ मिळून दिवसाची सहल मिळते. शहरात ऑकलंडला एटी हॉप कार्ड, आणि आता साधं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टॅप करूनही बसमध्ये बसता येतं. दोन बेटांमध्ये वेलिंग्टन ते पिक्टन फेरी आहे, साडेतीन तास, इंटरआयलँडर आणि ब्लूब्रिज अशा दोन कंपन्या, शेवटचा तासभर बोट अरुंद खाडीतून जाते तेव्हा डेकवर उभ्या राहा, गोव्याच्या माणसाला ते पाणी आवडेल.

रेल्वे मात्र आपल्यासारखी सगळीकडे जात नाही. ख्राइस्टचर्चहून दक्षिणेला इनव्हरकार्गिलपर्यंत पॅसेंजर गाडी होती ती २००२ ला बंद झाली, क्वीन्सटाउनला रेल्वे नाहीच. घ्यायची तर ट्रान्झअल्पाइन, ख्राइस्टचर्च ते ग्रेमाउथ, २२३ किलोमीटर, पूर्व किनाऱ्यावरून डोंगर ओलांडून पश्चिम किनाऱ्याला. वाटेत साडेआठ किलोमीटरचा ओटिरा बोगदा आहे, १९२३ चा. बोगद्याच्या अलीकडे वाळकं गवत आणि रुंद नद्या, आणि पलीकडे बाहेर पडलात की हिरवं गच्च ओलं जंगल. खिडकी नसलेला एक उघडा डबा असतो, फोटोसाठी तिथे जाता येतं पण थंडी वाजते, कानटोपी ठेवा. सकाळी जाऊन त्याच दिवशी परत येता येतं, ग्रेमाउथला तासभरच मिळतो. मला विचाराल तर तुम्ही आर्थर्स पासला उतरा, गावातून डेव्हिल्स पंचबोल धबधब्यापर्यंत चालत जाता येतं, पायऱ्या पुष्कळ आहेत पण सावकाश जमतील, आणि दुपारी तीच गाडी परत येते तिच्यात बसा. परतीची वेळ तिकीट काढतानाच लिहून घ्या, ती चुकली तर त्या दिवशी दुसरी गाडी नाही.